ऐकायचे राहून गेलेले प्रोग्रेसिव्ह रॉक बँड कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिंक फ्लॉइड, येस, जेनेसिस, किंग क्रिम्सन आणि रश हे प्रोग्रेसिव्ह रॉकमधले, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमधले, नावाजलेले बँड पुष्कळ ऐकून झालेत. आता त्यांच्या पलीकडचे, चांगले असूनही फारसे कुणाच्या कानावर न पडलेले बँड हवेत. गाण्यांचं ॲप फिरून फिरून तीच दहा नावं पुढे करतं. ‘दडलेली रत्नं’ छापाची यादी उघडली की शंभर नावं अंगावर येतात आणि त्यातलं एखादं लावलं तर दहा मिनिटांत बंद करावंसं वाटतं. मग शोधायचं कसं आणि सापडलेलं ऐकण्याजोगं आहे हे ओळखायचं कसं?

पुण्यात आम्ही काही जण नियमितपणे एकत्र जमून या प्रकारचं संगीत ऐकतो. पुढच्या वेळी कोणती तबकडी लावायची हे ठरवण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नवा माणूस आला की बहुधा हाच प्रश्न विचारतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्याकडे नावांचा तुटवडा नाही, उलट ती जास्त झाली आहेत. तुम्हाला हवी आहे निवड करण्याची रीत. ॲपकडून ती मिळत नाही यामागे साधं कारण आहे. एकाच माणसाने कोणत्या दोन गोष्टी ऐकल्या यावर ॲपच्या शिफारशी बऱ्याच अंशी चालतात. ज्या बँडला मुळात श्रोते थोडे, त्याच्याकडे येणाऱ्या वाटाही थोड्या. त्यामुळे ॲप तुम्हाला प्रसिद्ध बँडकडून दुसऱ्या प्रसिद्ध बँडकडेच नेणार. यादी करणाऱ्याची अडचण वेगळी. तो स्वतःची आवड मांडतो, तुमची आवड त्याला ठाऊक नसते.

मी एक वेगळा प्रश्न विचारून सुरुवात करतो: हा बँड मागे का राहिला? दुर्लक्षित राहण्याची कारणं निरनिराळी असतात आणि प्रत्येक कारण शोधाची वेगळी दिशा दाखवतं. कुणी भाषेमुळे राहिला, कुणी उशिरा आल्यामुळे, कुणाला कंपनीने बाजारात आणलंच नाही, कुणाचं संगीत खरोखर अवघड होतं. आणि काही बँड मागे राहिले ते योग्यच झालं, हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं.

भाषेपासून सुरू करतो, कारण सगळ्यात मोठा खजिना तिथे आहे. 1972-73 च्या सुमारास इटलीत या संगीताला जो बहर आला तसा इंग्लंडबाहेर क्वचितच कुठे आला असेल. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्लिश बँडचा 1971 चा ‘पॉन हार्ट्स’ मायदेशात फारसा खपला नाही, पण इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला. श्रोते इतके तयार होते म्हटल्यावर तिथले वादकही तयार झाले. प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी, म्हणजे पीएफएम, यांचे पहिले दोन्ही अल्बम 1972 चे. त्याच वर्षी बांको देल मुतुओ सोक्कोर्सोचा ‘डार्विन!’ आला. उत्क्रांतीवर बेतलेला हा अख्खा अल्बम इटालियनमध्ये आहे. गायक फ्रान्चेस्को दी जाकोमोचा आवाज ऑपेराच्या वळणाचा, भरदार. विट्टोरिओ आणि जान्नी नोचेन्झी हे दोघे भाऊ की-बोर्डवर. पियानो आणि ऑर्गन एकमेकांशी बोलत राहतात आणि त्यावर तो आवाज चढतो. हा अल्बम मी नवख्या श्रोत्यांना आवर्जून ऐकवतो आणि शब्द कळत नाहीत म्हणून कुणाचं अडल्याचं मला आठवत नाही. भीमसेनजींची कन्नड भजनं आपण महाराष्ट्रात किती वर्षं तल्लीन होऊन ऐकत आलो; अर्थ न कळल्यामुळे कुणी मैफल सोडून गेलं नाही. तो कान इथेही उपयोगी पडतो.

त्यामुळे माझा पहिला सल्ला असा की इंग्रजीबाहेर पडा, तेही एका वेळी एकाच देशात. इटलीत दोन महिने राहा. पीएफएम, बांको आणि ले ओर्मेचा ‘फेलोना ए सोरोना’ (1973) ऐका. म्युझिओ रोझेनबाखचा ‘झरथुस्त्रा’ही 1973 चाच. त्या काळात या बँडने एवढा एकच अल्बम केला, पण त्यातला जोर आजही जाणवतो. एका देशाचं थोडं सलग ऐकलं की तिथल्या वाजवण्याची ढब कळायला लागते आणि मग नवीन नाव समोर आलं तरी दोन मिनिटांत अंदाज येतो. पाच देशांतला एकेक अल्बम उचलला तर हा अंदाज बसत नाही. इटलीनंतर कुठे जायचं ते तुमच्या ओढीवर आहे. कॅनडातल्या क्वेबेकमधल्या हार्मोनियम या बँडचा 1975 चा दुसरा अल्बम फ्रेंचमध्ये आहे, बहुतांश अकूस्टिक, आणि त्यात ड्रम्स नाहीत. ज्यांना जेनेसिसच्या हळुवार जागा आवडतात त्यांना तो लगेच भिडतो. चिलीचा लोस हायवास हा बँड 1973 च्या लष्करी उठावानंतर देश सोडून गेला. पाब्लो नेरुदाच्या माचू पिक्चूवरच्या कवितेला त्यांनी 1981 मध्ये संगीत दिलं. त्यात अँडीज पर्वतातली बासरी आणि तंतुवाद्यं सिंथेसायझरच्या बरोबरीने वाजतात. फ्रान्समधल्या मॅग्माच्या ड्रमर क्रिस्तियाँ वांदेरने तर गाण्यासाठी स्वतःची भाषाच बनवली. मॅग्मा मात्र पहिल्या टप्प्यात घेऊ नका.

दुसरी वाट माणसांची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर आहे. बँडची नावं सोडून वादकांची नावं धरायची. अल्बमच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं कुणी काय वाजवलं, निर्मिती कुणाची. हे सगळं आज डिस्कॉग्जसारख्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतं. तुम्ही येस आणि क्रिम्सन दोन्ही ऐकता म्हणजे बिल ब्रुफर्डचे ड्रम्स तुमच्या कानात आहेत. ‘क्लोज टू द एज’ संपवून 1972 मध्ये तो येसमधून क्रिम्सनमध्ये गेला हे बहुतेकांना माहीत असतं. त्यापुढे फारसं कुणी जात नाही. नॅशनल हेल्थ या बँडच्या सुरुवातीच्या दिवसांत तो त्यांच्याबरोबर वाजवत होता. त्या बँडचा की-बोर्डवादक डेव्ह स्ट्यूअर्ट पुढे ब्रुफर्डच्या स्वतःच्या ‘फील्स गुड टू मी’ (1978) या अल्बमवर आहे. आता स्ट्यूअर्टचा हात धरून मागे चला. आधी तो हॅटफील्ड अँड द नॉर्थमध्ये होता, त्याआधी एग या तिघांच्या बँडमध्ये. हॅटफील्डमध्ये बास वाजवणारा आणि गाणारा रिचर्ड सिंक्लेअर हा त्याआधी कॅरव्हॅनमध्ये होता. ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’वर (1971) त्याचाच आवाज आहे. पुढे तो कॅमलमध्ये गेला. म्हणजे तुमच्या ओळखीच्या एका ड्रमरपासून निघून तुम्ही चार-पाच बँडपर्यंत पोहोचलात आणि इंग्लंडमधल्या कॅन्टरबरी या गावाच्या नावाने ओळखली जाणारी अख्खी शैली हाती लागली. एक सावधगिरी: हा डेव्ह स्ट्यूअर्ट म्हणजे युरिथमिक्स या पॉप जोडीतला नव्हे. ॲपवर दोघांची सरमिसळ होते.

फ्लॉइडकडून निघालात तर ड्रमर निक मेसनला धरा. सॉफ्ट मशीनचा जुना ड्रमर आणि गायक रॉबर्ट वायट 1973 मध्ये खिडकीतून खाली पडला आणि कमरेखालचं अंग लुळं झालं. त्यानंतर त्याने केलेल्या ‘रॉक बॉटम’ (1974) या अल्बमची निर्मिती मेसनची आहे. समुद्राखालून आल्यासारखा की-बोर्ड, वर उंच, किंचित कापरा आवाज. फ्लॉइडची शांतता ज्यांना प्रिय आहे त्यांनी हा अल्बम ऐकायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. क्रिम्सनचा गीतकार पीटर सिनफिल्ड याने पीएफएमच्या ‘फोटोज ऑफ घोस्ट्स’साठी (1973) इंग्रजी शब्द लिहिले आणि व्हॅन डर ग्राफचा गायक पीटर हॅमिल याने ‘फेलोना ए सोरोना’च्या इंग्रजी आवृत्तीसाठी. म्हणजे देशाची वाट आणि माणसांची वाट पुढे एकमेकींना मिळतात. तरी पीएफएम आणि ले ओर्मे मूळ इटालियनमध्येच ऐका. त्या चाली त्या भाषेच्या स्वरांना धरून बांधलेल्या आहेत.

तिसरं कारण काळाचं आणि कंपन्यांचं. 1969 पासून मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी इंग्लंडमध्ये या संगीतासाठी वेगळी लेबलं काढली. ईएमआयचं हार्वेस्ट, फिलिप्सचं व्हर्टिगो, आरसीएचं निऑन. दोन-तीन वर्षं हात सैल सोडून बँड घेतले गेले आणि त्यातले पुष्कळ एका अल्बमनंतर नाहीसे झाले. निऑनवरचा स्प्रिंग हा त्यातला माझा आवडता, 1971 चा. या बँडमध्ये तिघे जण मेलोट्रॉन वाजवत. मेलोट्रॉन म्हणजे प्रत्येक पट्टीखाली ध्वनिमुद्रित फीत असलेलं वाद्य. पट्टी दाबली की व्हायोलिन किंवा बासरी सुमारे आठ सेकंद वाजते. क्रिम्सनच्या पहिल्या अल्बमवरचे ते दाटून आलेले सूर याच वाद्याचे. उलट टोकाला 1977-78 मध्ये आलेले बँड. तोवर पंकचं, म्हणजे छोट्या, साध्या, आक्रमक गाण्यांच्या रॉकचं, वारं आलं होतं आणि वीस मिनिटांच्या रचनेला कुणी विचारत नव्हतं. नॅशनल हेल्थचा पहिला अल्बम 1978 चा. अर्जेंटिनाच्या बुबूचा ‘आनाबेलास’ही 1978 चा, व्हायोलिन, बासरी आणि सॅक्सोफोन घेऊन केलेला. दोन्ही पाच वर्षं आधी आले असते तर आज त्यांची नावं वेगळ्या पंक्तीत असती, असं मी ठामपणे म्हणेन.

म्हणून शोधताना 1970-71 आणि 1977-78 ही दोन टोकं मुद्दाम तपासा. मधली वर्षं बऱ्यापैकी चाळून झालेली आहेत. स्प्रिंग, इंग्लंड (हेही एका बँडचं नाव), एग अशी साधी नावं नुसती टाकून शोधलीत तर भलतंच काहीतरी समोर येतं. बँडसोबत अल्बमचं नाव आणि वर्ष टाका.

जेंटल जायंट या इंग्लिश बँडबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण इथे दोन कारणं एकत्र आली. त्यांचा ‘इन अ ग्लास हाऊस’ (1973) अमेरिकेत त्या वेळी निघालाच नाही. तिथल्या कंपनीला तो विकला जाईल असं वाटलं नाही. आणि संगीतही कानाला लगेच वश होणारं नाही. ‘ऑक्टोपस’मध्ये (1972) ‘नॉट्स’ नावाची रचना आहे. त्यात निरनिराळे आवाज वाक्याचे तुकडे वाटून घेतात आणि एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा नुसता गोंधळ वाटतो. यावर मी सांगतो तो उपाय असा: एका ऐकण्यात एकच धागा धरायचा. आज फक्त बास ऐका, बाकीचं आपोआप कानावर पडू द्या. पुढच्या वेळी फक्त गिटार. तीन-चार वेळा असं झालं की एक दिवस सगळं एकत्र उमगतं.

आणि इथे आपल्याकडे एक जमेची बाजू आहे. प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या सात किंवा दहा मात्रांना बिचकायचं आपल्याला कारण नाही. फ्लॉइडचं ‘मनी’ तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यातला बास सात मात्रांचा आहे आणि गिटारच्या एकलवादनाला आल्यावर ते चारांत येतं. रूपक ताल ज्याने हाताने धरलेला आहे त्याला ही सम शोधायला वेळ लागत नाही. विभागणी दर वेळी रूपकासारखी तीन-दोन-दोन नसते, कधी चार-तीन असते, पण आवर्तन पुरं होऊन परत येण्याची जागा आपला कान शोधतोच. जेंटल जायंट किंवा हॅटफील्ड ऐकताना मांडीवर टाळी धरून बघा. जे गणिती वाटत होतं त्यातला झुलवा कळतो.

आता ‘दहा मिनिटांत बंद करावंसं वाटतं’ या तुमच्या तक्रारीकडे येतो. पहिली शंका ऐकण्याच्या पद्धतीची. हे अल्बम तबकडीच्या एका बाजूच्या मापाने, साधारण वीस मिनिटांच्या अंदाजाने बांधलेले आहेत. ॲपमध्ये शफल सुरू असेल किंवा एक गाणं दुसऱ्यात विरघळवण्याची सोय चालू असेल तर बांधणी मोडते. दोन्ही बंद ठेवा. मूळ अल्बमनंतर जोडलेली जादाची गाणी येतात तिथे थांबा, नाहीतर शेवटाचा परिणाम निघून जातो. एकाच अल्बमच्या अनेक आवृत्त्या दिसतील. त्यात निवड करणं महत्त्वाचं आहे. पॉर्क्युपाइन ट्रीच्या स्टीव्हन विल्सनने (2009 मध्ये हा बँड आयआयटी मुंबईच्या मूड इंडिगोत वाजवून गेला) क्रिम्सन, जेंटल जायंट, कॅरव्हॅन यांचे जुने अल्बम मूळ फितींवरून पुन्हा मिश्रित केले आहेत. ज्या रचनेत सहा गोष्टी एकाच वेळी चालू असतात तिथे प्रत्येक वाद्य सुटं ऐकू येणं फार मदतीचं ठरतं. फोनच्या स्पीकरवर हे संगीत ऐकून मत बनवू नका. साधे तारेचे हेडफोन पुरतात, महागड्या यंत्रणेची गरज नाही.

दुसरी शंका निवडीची. तुम्हाला नेमकं काय आवडतं हे बँडच्या नावाने सांगू नका, जागेने सांगा. ‘जेनेसिस आवडतो’ यातून मला फारसं कळत नाही. ‘सपर्स रेडी’च्या शेवटी ऑर्गन उघडतो आणि आवाज चढतो ती जागा, की पीटर गॅब्रिएलचं गोष्ट सांगणं, की स्टीव्ह हॅकेटची लांबवलेली गिटार? पहिलं असेल तर बांको. दुसरं असेल तर व्हॅन डर ग्राफ. तिसरं असेल तर कॅमलचा ‘मिराज’ (1974). मेलोट्रॉनचं वेड असेल तर स्वीडनच्या एंगलागार्डचा ‘हायब्रिस’. तो 1992 चा आहे, पण वीस वर्षं आधीचा वाटावा इतका त्या काळात मुरलेला. आणि जोरकस, हेवी मेटलच्या वळणाचं काही हवं असेल तर वरची निम्मी नावं तुमच्यासाठी नाहीत, तुमचं उत्तर रशच्या पुढच्या पिढ्यांत आहे. हे प्रत्येकाचं वेगळं असतं आणि मी इथून ते ठरवू शकत नाही.

परीक्षणं वाचायची तर प्रोगआर्काइव्ज हे संकेतस्थळ उपयोगी आहे, पण तिथले तारे मोजू नका. तिथे लिहिणारे सगळे या संगीताचे प्रेमी, त्यामुळे सरासरी कायम चांगलीच असते. मी पाच तारे देणाऱ्याचं सोडून तीन देणाऱ्याचं वाचतो. काय खटकलं हे तो नेमकं सांगतो. त्याला खटकलेली गोष्ट ‘गाणं कमी, वाजवणं फार’ अशी असेल आणि तुम्हाला तेच हवं असेल, तर तुमचं काम झालं. ज्याच्या नावडी तुमच्याशी जुळतात असा एखादा लिहिणारा सापडला की त्याचं सगळं वाचून काढा.

दुर्मीळ म्हणजे चांगलं, या समजुतीपासून लांब राहा. मूळ प्रतींच्या किमती त्या किती निघाल्या यावरही ठरतात, आत काय आहे एवढ्यावरच नाही. 1970-71 च्या त्या एका-अल्बमच्या बँडपैकी अनेकांकडे एक चांगली कल्पना आणि पाऊण तास भरायची सक्ती होती. माझी कसोटी अशी: तिसऱ्यांदा ऐकल्यावर, अल्बम बंद असताना, त्यातली एखादी ओळ गुणगुणता येते का? अवघड संगीतातही अशी ओळ असते. बांकोत आहे, हॅटफील्डमध्ये तर जागोजागी आहे. तिसऱ्या ऐकण्यानंतरही काहीच मागे राहत नसेल तर तो अल्बम खुशाल सोडून द्या, त्याची कीर्ती कितीही असो. पहिल्या ऐकण्यावर मात्र काही ठरवू नका.

आजचे बँड शोधायचे तर लेबलच्या मागे जा. लेबल चालवणाऱ्या माणसाला कान असतो आणि तो कान सगळ्या अल्बममधून जाणवतो. अमेरिकेतलं क्यूनिफॉर्म हे छोटं लेबल 1984 पासून चालू आहे. बँड आणि लेबलं जिथे थेट संगीत विकतात त्या बँडकँप संकेतस्थळावर त्यांचं पान चाळलंत तर महिनाभराचं ऐकणं मिळेल. आपल्या जवळचंही सोडू नका. मुंबईच्या कोशिशने 2013 मध्ये ‘फिरदौस’ हा हिंदीतला अल्बम केला, आणि बेंगळुरूच्या अगमने कर्नाटक संगीत या बांधणीत आणलं आहे. दोन्हींना मिळाले त्याहून कितीतरी जास्त श्रोते मिळायला हवे होते.

तुम्ही सांगितलेल्या पाच नावांवरून मी तुमच्यासाठी हा क्रम लावेन: आधी कॅरव्हॅनचा ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’, कारण तो सगळ्यात मनमिळाऊ आहे. मग पीएफएमचा दुसरा अल्बम ‘पेर उन आमिको’, मग ‘रॉक बॉटम’, मग ‘डार्विन!’. प्रत्येकाला एक आठवडा आणि तीन ऐकणी. जेंटल जायंट त्यानंतर, आणि ‘पॉन हार्ट्स’ सगळ्यात शेवटी, कारण त्याची अख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच रचना आहे आणि हॅमिलचा आवाज अंगावर घ्यायला कान सरावलेला असावा लागतो. यातला एखादा मध्येच सोडलात तर कुठल्या गाण्याच्या कुठल्या मिनिटाला सोडलात ते इथे लिहा. तेवढ्यावरून पुढचं नाव सांगता येईल.